घरच्या संगणकाला पहारेकरी किती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला या व्यासपीठावर बोलावले तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर मी वर्षभर बोलतच असतो. ज्यांना ऐकावयाचे आहे त्यांनी आमच्या कचेरीत कोणत्याही रविवारी यावे, तेथे भाषणही मिळेल आणि चहाही. परंतु गेल्या हिवाळ्यात एका मनुष्याने मला असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर द्यावयास मला दोन आठवडे लागले. ते उत्तर पुष्कळांच्या घरी उपयोगी पडेल असे वाटल्यावरून मी विषय बदलून मागितला.

तो मनुष्य आमचा जुना सभासद. खाणीत ठेकेदाराकडे उभी हयात काढली, आता निवृत्त आहे. नात बारावीला, तिच्या अभ्यासासाठी आणि स्वतःचा हयातीचा दाखला, भविष्य निर्वाह निधीचे कागद, बँक यांच्यासाठी म्हणून त्याने कोणा कचेरीने काढून टाकलेला एक जुना संगणक विकत घेतला. दुकानदाराने यंत्राबरोबर त्याच्या हाती एक चिठ्ठी दिली. तिच्यावर चार वस्तू होत्या. पहिली अँटिव्हायरस; दुसरी ‘संपूर्ण सुरक्षा’ अशा भारदस्त नावाची, पण त्याच जातीची; तिसरी संगणकाची झाडलोट करणारी; आणि चौथी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर तोंड झाकून हिंडण्याची सोय. बेरीज ४,३०० रुपये, आणि तीही दर वर्षाला. २०१४ साली सरकारने निधीच्या पेन्शनची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरविली. हा गृहस्थ त्या किमानाच्या जरासाच वर आहे. तेव्हा ही चिठ्ठी म्हणजे त्याचे जवळजवळ चार महिन्यांचे पेन्शन होते. ती माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “भाऊ, येवढं सगळं लागते का? अन् नाही घेतलं तर माझा पैसा जाईन का?”

मी विद्वान नाही. शाळा मी दहावीला सोडली, किंबहुना शाळेने मला सोडले. कायदा शिकलो तो जिल्हा ग्रंथालयातल्या बाकावर शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि संगणकाला हात लावला तो चाळिशी उलटल्यावर. तेव्हा मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे शास्त्र नव्हे. ज्याने एकदा हात पोळून घेतला आणि मग पुस्तके वाचली अशा माणसाचे सांगणे आहे.

हात कसा पोळला ते आधी सांगतो, कारण माझ्या उत्तराचा उगम तेथे आहे.

आपल्या जिल्ह्यात विडी कशी वळली जाते हे आपणांस ठाऊक आहे. बाई घरी बसून पान कातरते, तंबाखू भरते, सूत बांधते, आणि ठेकेदाराकडे विड्या पोचविते. नाव कधी वहीत चढते, कधी चढत नाही. तीस वर्षे विड्या वळलेल्या बाईला आपली तीस वर्षे सिद्ध करता येत नाहीत, आणि ती सिद्ध झाली नाहीत तर उपदान नाही, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो. १९७२ च्या कायद्याचा हिशेब साधा होता: सलग पाच वर्षे सेवा, आणि पुढे दर वर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी. पण तो हिशेब मांडावयास वर्षे मोजता आली पाहिजेत. म्हणून आम्ही गावोगाव फिरून प्रत्येक बाईच्या ओळखपत्राच्या, मजुरीच्या चिठ्ठ्यांच्या, निधीच्या पावत्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि कचेरीतल्या संगणकात भरल्या. या कामाला सहा वर्षे लागली.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीतल्या मुलाला एक निवेदन छापावयाचे होते आणि त्यासाठी टंकलेखनाचा एक विकतचा प्रोग्राम हवा होता. पैसे वाचावेत या सद्हेतूने त्याने त्याची चोरटी प्रत इंटरनेटवरून उतरविली. आमच्या संगणकावर तेव्हा एक सोडून दोन पहारेकरी होते: एक यंत्राबरोबर आलेला आणि दुसरा फुकटात मिळाला म्हणून बसविलेला. पहिल्याने फाइल धोक्याची आहे म्हणून ओरड केली. परंतु त्या चोरट्या प्रतीबरोबर सूचनांचा एक कागद होता आणि त्यात लिहिले होते की, आधी अँटिव्हायरस बंद करा, एरवी हे चालणार नाही. मुलाने दोन्ही बंद केले. पडद्यावर ‘विंडोज अद्ययावत होत आहे’ अशी एक खिडकी आली आणि आकडे पुढे सरकू लागले. मुलगा चहाला गेला. ती खिडकी खोटी होती. तिच्या आड एकेक फाइल कुलुपात जात होती.

परत येऊन पाहतो तो प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक परके शेपूट लागलेले, आणि जागोजाग एक चिठ्ठी: किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर, आणि ७२ तासांच्या आत संपर्क साधाल तर निम्मे, म्हणजे ४९० डॉलर. खंडणीतही सवलत असते हे मला त्या दिवशी कळले. पुढे शोध घेता समजले की या जातीच्या खंडणीखोर प्रोग्रामला जाणकार लोक ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ म्हणतात, आणि त्याचा मुख्य रस्ता म्हणजे आम्ही उतरविली तसली चोरटी सॉफ्टवेअरे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूझीलंडच्या एम्सिसॉफ्ट या कंपनीने त्याच्या पुष्कळ जुन्या प्रकारांवर किल्ली तयार करून फुकट वाटली. आमचा प्रकार त्यांत बसला नाही.

आम्ही पैसे भरले नाहीत. तेवढे पैसे नव्हते हे खरे कारण. तत्त्व मागाहून सुचले. पुढचे आठ महिने आम्ही पुन्हा त्याच गावांतून फिरलो. काही बायांनी ओळखपत्रे टाकून दिली होती, कारण “तुमच्याकडे लिहून घेतलं ना, भाऊ” असा त्यांचा आमच्यावर भरवसा होता. त्यांतल्या एकदोघी तोवर वारल्या होत्या. याहून अधिक मी त्या वर्षाबद्दल बोलणार नाही.

आता पहा. आमच्या घरात पहारेकरी दोन होते. एकाने आपले काम चोख केले. तिसरा असता तर काय झाले असते? मुलाने तिसराही बंद केला असता. म्हणून “किती घ्यावे?” या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी, हा पहारेकरी नेमके करतो काय ते समजून घेणे अगत्याचे आहे.

१९८६ साली लाहोरला संगणकाचे दुकान चालविणाऱ्या दोघा भावांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यांनी वैद्यकीय उपयोगाचे एक सॉफ्टवेअर बनविले होते, त्याच्या चोरट्या प्रती निघू नयेत हा त्यांचा हेतू होता असे ते सांगत. हा प्रोग्राम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आपोआप उतरत असे. त्यात त्या भावांनी आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबरसुद्धा घातला होता. इतका तो काळ भाबडा होता. ‘ब्रेन’ या नावाने तो जगभर गेला. आपल्या वापरातल्या घरगुती संगणकांचा पहिला व्हायरस तोच मानतात.

गंमत अशी की त्यावरच्या औषधाची आपल्याकडची गोष्टही दोघा भावांचीच आहे. पुण्यात कैलास काटकर हे मॅट्रिकच्या पुढे न शिकता कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करण्याच्या कामाला लागले, आणि १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला संगणक येऊ लागले, आणि त्यांतले बरेचसे मोडलेले नसत, व्हायरसने आजारी असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा लिहावयास सुरुवात केली. त्यातून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ बाहेर पडले. न शिकलेल्या माणसाने शिकलेल्यांच्या धंद्यात असे पाय रोवलेले पाहिले की मला आनंद होतो, हे मी लपवीत नाही. त्यांचा माल घ्या किंवा घेऊ नका असे मात्र मी यातून सुचवीत नाही.

तर या पहारेकऱ्याची जुनी रीत अशी. त्याच्यापाशी चोरांच्या चेहऱ्यांची एक वही असते. आत येणारी प्रत्येक फाइल तो वहीशी ताडून पाहतो आणि चेहरा जुळला की धरतो. वही रोज नवी हवी, नाहीतर कालचा चोर ओळखू येतो आणि आजचा सुटतो. पुढे चोर रोज चेहरे बदलू लागले. तेव्हा पहारेकरी वागणुकीवरूनही संशय घेऊ लागला, उदाहरणार्थ एखादा प्रोग्राम एका मिनिटात शेकडो फाइली बदलू लागला तर. आणि संशय आला की दूरच्या मुख्य ठाण्याला इंटरनेटवरून विचारू लागला. आजचा कोणताही बरा पहारेकरी हे सर्व करतो. दुकानातल्या खोक्यावर रंगीत अक्षरांत जे लिहिलेले असते त्याचा गाभा एवढाच.

आणि हा पहारेकरी २०१२ पासून, म्हणजे विंडोज ८ पासून, यंत्राबरोबरच येतो. त्याचे नाव डिफेंडर. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ज या संस्था असल्या सॉफ्टवेअरांची वेळोवेळी परीक्षा घेतात. आरंभीची काही वर्षे त्या परीक्षांत डिफेंडर मागच्या बाकावर असे. अलीकडे तो पुढल्या बाकांवर, विकत मिळणाऱ्यांच्या बरोबरीने बसलेला दिसतो. त्यात एक उणीव आहे आणि ती मी सांगितली पाहिजे: इंटरनेट तुटलेले असताना त्याची नजर कमी पडते. ज्या गावात जोडणी दिवसातून चार वेळा जाते आणि फाइली पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतात, तेथे ही उणीव लहान नव्हे. म्हणूनच आमच्या कचेरीसाठी आज आम्ही एक विकतचा पहारेकरी घेतला आहे, कारण तेथे शंभर ठिकाणचे पेनड्राइव्ह येतात. कोणाची भातगिरणी असेल, चारपाच संगणकांवर हिशेब चालत असतील, तर त्यानेही पैसे खर्च करावेत. पण ज्या घरी एक यंत्र आहे, नात अभ्यास करते, आजोबा बँकेचे पान उघडतात, त्या घराला जो आत आहे तोच पुरे. तो चालू आहे ना आणि त्याची वही ताजी आहे ना, एवढे पहावे.

“पण एकापेक्षा दोन बरे” असे आपल्याला सहज वाटते. आम्हालाही वाटले होते. गावाच्या राखणीला ते खरे असेल, येथे नाही. दोघेही प्रत्येक फाइल दारातच अडवून तपासू पाहतात. एकाने धरलेली फाइल दुसरा ओढतो. जुन्या, कमी स्मरणशक्तीच्या यंत्राचा त्यात जीव जातो. डिफेंडर तर दुसरा बसविला की स्वतःच बाजूला होतो, त्यामुळे तेथे दोन असल्याचा भासच असतो. आणि दुसऱ्याची वर्षाची मुदत संपली, आपण पैसे भरले नाहीत, की तो दारात झोपून राहतो. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत असे झोपलेले पहारेकरी मी पाहिले आहेत. ते काढून टाकावे लागतात, तेव्हा आतला जागा होतो.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. पहारेकऱ्याला आपण घराच्या अगदी आतल्या खोलीची किल्ली देतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरमध्ये एक सदोष दुरुस्ती पाठविली आणि जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. चोर आला नव्हता. राखणदारानेच घर बंद केले होते. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांचे, घरगुती नव्हे, हे खरे. पण घरगुतीचेही उदाहरण आहे. अवास्त हे फुकट मिणारे अँटिव्हायरस कोट्यवधी घरांत होते. लोक कोणकोणती पाने पाहतात याची माहिती त्याच्या एका उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचे उघडकीस आले, २०२० साली ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल केले. तेव्हा फुकट म्हणून कोणालाही दारात बसवू नये आणि महाग म्हणूनही बसवू नये.

चिठ्ठीवरची तिसरी आणि चौथी वस्तू राहिली. झाडलोट करणारी गरजेची नाही. ते काम विंडोज स्वतः करते, आणि या नावाखाली बाजारात जे फिरते त्यातले पुष्कळसे घाबरवून पैसे काढणारे असते. व्हीपीएनचे खरे उपयोग आहेत, पण व्हायरस अडविणे हा त्यांतला नव्हे. आणि बँकेचे पान तसेही बँक आणि आपण यांच्यामध्ये सांकेतिक लिपीतच ये-जा करते. घरच्या कामासाठी त्यावर पैसे घालू नयेत.

येथपर्यंत चार वस्तूंतल्या चारही गेल्या. मग सुरक्षा कशाने? याचे उत्तर मला कोणा संगणकतज्ज्ञाने दिले नाही, खाणीने दिले.

आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. चिखल्याची जमिनीखाली जाते, डोंगरीची उघडी आहे. जमिनीखालच्या कामात छत ही पहिली चिंता. पाळी सुरू होताना छत ठोकून पाहावयाचे, पोकळ वाजले की सैल दगड सब्बलीने पाडून घ्यावयाचा, आधार द्यावयाचा, आणि ते झाल्याखेरीज खाली माणूस उभा करावयाचा नाही. डोक्यावर शिरस्त्राण असतेच, असलेच पाहिजे. परंतु सुरक्षेच्या कोणत्याही पुस्तकात शिरस्त्राणाचे पान शेवटी येते. आधी धोका काढून टाका. निघत नसेल तर त्याला आडोसा करा. कामाची रीत बदला. आणि एवढे करूनही जे उरेल त्याच्यासाठी टोपी. ज्याला खर्च वाचवावयाचा असतो तो मालक हा क्रम उलटा धरतो. तो प्रथम टोपी वाटतो, तिचा फोटो काढतो, आणि अपघात झाला की विचारतो, टोपी घातली होती का? तीस वर्षे मी या प्रश्नाशी भांडत आलो. आणि माझ्याच कचेरीत मी तेच केले होते: दोन टोप्या वाटल्या, छत ठोकून पाहिले नाही.

संगणकाचे छत ठोकणे म्हणजे काय? पहिले, चोरटी सॉफ्टवेअरे काढणे. ही नीतीची गोष्ट म्हणून सांगत नाही. आमच्या बाबतीत दगड तेथूनच पडला. पत्रे लिहावयास आणि हिशेब मांडावयास लिब्रेऑफिस फुकट आणि कायदेशीर मिळते, त्यात मराठी चांगले चालते.

दुसरे, दुरुस्त्या वेळच्या वेळी घेणे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम सुटला आणि इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांतून रोगी परत पाठवावे लागले. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविण्याची दुरुस्ती कंपनीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, वाटली होती. ज्यांनी ती घेतली होती त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही. जून संपता संपता दुसरा आला, ‘नॉटपेट्या’; त्याने इतर वाटांबरोबर तेच भगदाड वापरले, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. आपल्या घरी ‘अद्ययावत करावयाचे आहे’ अशी सूचना आली की आपण ‘नंतर’ हे बटण दाबतो. मीही दाबतो. पण ती सूचना यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमधून आली असेल तर दाबू नये. आणि इंटरनेटवरच्या एखाद्या पानाने उडी मारून तीच गोष्ट सांगितली तर ते पान बंद करावे.

येथे आपल्या जिल्ह्यासमोरची एक अडचण मुद्दाम सांगतो. विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. कचेऱ्यांनी काढून टाकलेले जे संगणक आपल्याकडे दहाबारा हजारांत येतात त्यांतल्या पुष्कळांवर विंडोज १० च आहे, आणि साधारण २०१८ च्या आधीची प्रोसेसर असलेली यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. घरगुती ग्राहकांना जादा वर्षाची सोय नोंदणी करून मिळते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणून जुने यंत्र घेताना दुकानदाराला “अँटिव्हायरस कोणता देता?” असे विचारण्यापेक्षा “यावर विंडोज ११ रीतसर चढते का?” असे विचारावे. चढत नसेल तर लिनक्स चढते आणि ते फुकट आहे. केरळातल्या सरकारी शाळांनी वीसेक वर्षांमागेच तो मार्ग धरला. तेथली मुले मागे पडली असे काही दिसत नाही.

तिसरे, घरात दोन खाती करावीत. यंत्रात नवे काही बसविण्याचा अधिकार एका खात्याला असावा, आणि त्याचा पासवर्ड घरातल्या जबाबदार माणसाने ठेवावा. रोजचे काम दुसऱ्या, साध्या खात्यातून करावे. आमच्या कचेरीत हे असते तर मुलाला पहारेकरी बंद करता आला नसता, निदान मला विचारावे लागले असते.

आणि चौथे, ज्यावर मी सर्वांत अधिक जोर देतो, ते म्हणजे प्रत. एक बाहेरची डिस्क घ्यावी, तिच्यावर आठवड्यातून एकदा सर्व कागद उतरवावेत, आणि उतरवून झाल्यावर तार काढून ती वेगळी ठेवावी. तार काढणे विसरू नये. जोडलेली डिस्क म्हणजे त्याच घरातली दुसरी खोली. खंडणीखोर तेथेही जातो. आमच्याकडे २०१९ मध्ये प्रत होती, बंधुभगिनींनो. ती यंत्राला जोडलेली होती.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: “माझा पैसा जाईन का?” येथे मला त्या म्हाताऱ्या सभासदाला खरे सांगावे लागले की पैसा जाण्याची जी वाट आज सर्वांत मोठी आहे तिच्यावर कोणताही पहारेकरी उभा नाही. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर येणारा, “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे” म्हणून सांगणारा मनुष्य संगणक फोडीत नाही. तो माणसाला घाबरवितो, आणि माणूस आपल्या हाताने पैसे पाठवितो. डिजिटल अटक असा प्रकार आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहनाचा दंड म्हणून ‘एपीके’ शेपटाची फाइल येते. तीही आपणच उघडतो. पैसे गेलेच तर लाज धरून बसू नये, तात्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठविता येते ती पहिल्या तासांतच. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थाने मुलाला काय वाटेल म्हणून चार दिवस कोणाला सांगितले नाही. चार दिवसांनी गोठवावयास काही उरले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, एवढे सारे त्या खाणकामगाराने शिकावयाचे? हा आक्षेप मला मान्य आहे. हयातीचा दाखला, निधीचे नामनिर्देशन, शिष्यवृत्तीचा अर्ज हे सर्व पडद्यावर नेण्याचा निर्णय त्याने घेतला नव्हता. ज्यांनी घेतला त्यांनी पडदा कसा राखावयाचा हे शिकविण्याचा खर्चही उचलावयास हवा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ काढले, तेथून यंत्र तपासण्याची साधने फुकट मिळतात, हे चांगलेच आहे. पण ही बातमी मोहाडी-लाखांदूरच्या गावांत कोणी पोचविली? खाणीत सुरक्षेचे शिक्षण पाळीच्या वेळात, मजुरीसह द्यावे लागते. हे शिक्षण मात्र प्रत्येकाने आपापल्या पदराचे पैसे मोडून, फसून घ्यावयाचे असे आज चालले आहे. हा लढा आम्ही मांडणार आहोत. पण तो सुटेपर्यंत म्हाताऱ्याचे यंत्र उघडे ठेवता येत नाही.

म्हणून एका रविवारी मी आणि कचेरीतला तोच मुलगा त्याच्या घरी गेलो. हा मुलगा आता या बाबतीत माझा गुरू आहे. यंत्र विंडोज ११ ला बसत होते, हे नशीब. दुकानदाराने चाखण्यापुरते बसवून दिलेले दोन पहारेकरी काढले, आतला जागा केला, राहिलेल्या दुरुस्त्या चढविल्या. त्यालाच अडीच तास गेले, तोवर आम्ही जेवलो. नातीचे वेगळे खाते केले. तिला ते आवडले नाही, कारण तिला एक खेळ बसवावयाचा होता. बारावी झाल्यावर आजोबा पासवर्ड घालतील असे ठरले. पैसे गेले ते एका डिस्कचे, चिठ्ठीवरच्या रकमेहून ते कमी भरले आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्यावयाचे नाहीत.

डिस्क कोठे ठेवावी हा प्रश्न आला. उंदीर आहेत, पावसाळ्यात भिंत ओलावते. शेवटी म्हाताऱ्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या पिपात ठेवली आणि म्हणाला की हे पीप काही रिकामं होत नाही. तेव्हापासून आमच्या विडी कामगार बायांच्या नोंदींची तिसरी प्रतही, दुसऱ्या एका डिस्कवर, कुलूपबंद करून, त्याच पिपात आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगा सायकलवरून जातो, ती आणतो, ताजी करतो आणि परत नेऊन ठेवतो.